पावसातला माग

"किती जणांचं बांधू?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं आणि काझुमा म्हणाला, "दोघांचं."

बाईनं वर पाहिलंही नाही. चिमट्यानं शिजवलेल्या बांगड्याचे दोन तुकडे उचलले, मुळ्याच्या चार चकत्या त्यावर ठेवल्या, डबा बंद करून रबर लावलं. नागोयाच्या स्टेशनखालच्या बाजारातलं हे दुकान. कैक वर्षं तो कामावरून सुटल्यावर इथं थांबत होता आणि गेली तीन वर्षं याच बाईला "एकाचं" असं सांगत होता. सुरुवातीला तो शब्द उच्चारताना तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं, मग नुसता शब्द राहिला. आज जिभेनं आपण होऊन दुसराच शब्द काढला होता. पिशवी घेऊन तो जिन्यानं वर आला आणि गर्दीच्या मधोमध थांबला. मागचा माणूस त्याच्या पाठीवर आदळला आणि त्यानंच माफी मागितली. दोघांचं म्हणजे कोणाकोणाचं? आज शुक्रवार होता. इकुमी बुधवारी यायची, रविवारी यायची, शुक्रवारी कधीच नाही. म्हणजे जीभ इकुमीचा हिशेब करत नव्हती. की करत होती? की ती सरळ तीन वर्षं मागं घसरून चिहारू असतानाच्या दिवसांत जाऊन पडली होती, जेव्हा याच जिन्याखाली तो रोज "दोघांचं" म्हणायचा? काझुमाचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. कवळी घासते म्हणून परत आली की तो ती साच्यावर बसवून कुठं टेकतंय, कुठं उचलतंय ते शोधत बसायचा. तसंच तो त्या शब्दाकडे बघत राहिला. कुठंतरी घासत होतं एवढं नक्की. जागा सापडेना.

घरी येऊन त्यानं एक तुकडा खाल्ला आणि दुसरा फ्रीजमध्ये ठेवला. खणांच्या कपाटावर, जरीच्या पांढऱ्या खोळीत, त्याच्या बायकोचा, चिहारूचा, अस्थिकलश होता. शेजारी पाण्याचा पेला. काझुमाच्या घराण्याचं अस्थी ठेवायचं थडगं कुठं नव्हतं. आईवडिलांच्या अस्थी ओसाकाच्या एका देवळातल्या लॉकरसारख्या खणात होत्या, आणि चिहारूला तिथं ठेवायचं त्याच्या मनाला पटलं नाही. म्हणून ती घरीच राहिली. पुष्कळ लोक ठेवतात. एप्रिलमध्ये तो इकुमीशी लग्न करणार होता. ती एका दंतवैद्याकडे फोन घ्यायची, काझुमाच्या कवळ्यांच्या तक्रारी गेली कित्येक वर्षं तिच्याच आवाजात त्याच्यापर्यंत यायच्या. कलशाचा विषय त्यानंच काढला होता. ती म्हणाली होती, "राहू दे की. मला काही अडचण नाही." आणि खरंच नव्हती. घरात पाऊल टाकलं की ती कपाटाकडे मान लववून "आले हं" म्हणायची, निघताना "येते" म्हणायची. पण मागच्या रविवारी आरशासमोर कानातलं घालताना इकुमी मध्येच थांबली आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकली. काझुमाला आधी कळलं नाही, मग कळलं. तिची पाठ कलशाकडे होत होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिनं विचार करून केलं असंही वाटलं नाही. ते अर्धं पाऊल माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकून बसलं. ही बाई म्हातारी होईपर्यंत या खोलीत अशी अर्धं अर्धं पाऊल सरकत राहील. आणि तो ते बघत राहील.

फोन वाजला. कुरिदानीहून सासरे बोलत होते. तोकुजींचा आवाज फोनवर नेहमी डोंगराच्या पलीकडून हाक मारल्यासारखा यायचा.

"उद्या पाऊस आहे. बाकीचे कोणी शिकारीला येत नाहीत म्हणतात. कुत्री पावसात निकामी, आणि म्हातारेही. तुम्ही येताय?"

"येतो, बाबा."

"बरं. कोरडे मोजे जास्तीचे आणा." फोन बंद.

उद्या सांगायचं, असं त्यानं ठरवलं. तसं तर डिसेंबरपासूनच ठरवत होता. लग्नाचं सांगणं एक वेळ सोपं होतं. मुलगी वारली, जावई अजून पन्नाशीला आलेला नाही, उरलेलं आयुष्य त्यानं एकट्यानं काढावं असं कोणी म्हणालं नसतं. पण लग्नाच्या मागोमाग दुसरी गोष्ट सांगायची होती, ती घशाबाहेर येत नव्हती. चिहारू गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी कुरिदानीच्या घरात झाले होते. पुरोहित निघून गेल्यावर तोकुजी गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले होते, "आमच्या कुळाचं थडगं वरच्या वाडीत आहे. तिला तिथं ठेवावं म्हणतो. ती इथलीच." विनंती होती ती. या माणसानं कोणाला विनंती केलेली काझुमानं ना त्याआधी ऐकली होती ना त्यानंतर. आणि काझुमा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बायको माझी आहे." आवाजही चढला होता. सासूबाई, फुमिए, उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेले कप पुन्हा धुऊ लागल्या. त्या पाण्याच्या आवाजात त्यानं कलश उचलला, गाडीत ठेवला आणि नागोयाला परत आला.

त्यानंतर सगळं तुटायलाच हवं होतं. पाच महिने तुटलेलंही होतं. मग एके दिवशी असाच फोन आला. "मोठं हरीण पडलंय. खाली आणायला माणूस कमी पडतो. येता का?" अडीच तासांवरच्या माणसाला हरीण उचलायला कोणी बोलावत नाही. काझुमा गेला. त्या दिवशी पायांना फोड आले, तोकुजी हसले, फुमिएनं फोडांवर मलम लावलं आणि चिहारूचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या हंगामापर्यंत त्यानं परवाना काढला, बंदूक घेतली. शिकार त्याला आवडते की नाही हे त्याला आजही सांगता आलं नसतं. त्या घरात शिरायला त्याच्याकडे दुसरा दरवाजा नव्हता, इतकंच.

सकाळी तो पोचला तेव्हा पाऊस संथ, जाड आणि थंड पडत होता. फेब्रुवारीत त्या दऱ्यांमध्ये पडतो तसा. बर्फ व्हायला थोडक्यात राहिलेला. फुमिएनं भाताचे गोळे बांधून दिले, आत खारवलेलं आंबट अलूबुखार. "वाळलात," त्या म्हणाल्या. तो प्रत्येक वेळी वाळलेला असायचा. तोकुजींनी बंदुकीच्या नळीच्या तोंडाला पावसासाठी चिकटपट्टीचा तुकडा लावला, नारिंगी टोपी चढवली, खालची कवळी काढून रुमालात गुंडाळून खिशात टाकली. ती काझुमानंच बनवलेली होती.

"बाबा, ती घालायला केलीय."

"जेवताना घालतो की. हरणाला दाखवायला कशाला पाहिजे?"

डोंगराच्या तोंडाशी येईपर्यंत तोकुजी त्याला 'तुम्ही' म्हणत. जावयाला म्हणावं तसं. देवदारांची पहिली रांग मागं पडली की 'तू' सुरू व्हायचं. हे दोघांनाही माहीत होतं, पण त्यावर कोणी कधी बोललं नव्हतं. "आज तू पुढं," ते म्हणाले. "पावसात माझे डोळे चालत नाहीत. माझी बंदूक रिकामीच राहू दे. आणि घाई नको. कोरड्या दिवसात पाचोळा वाजतो, हरणाला आपण कोसावरून कळतो. आज पाचोळा मेलाय. पावसात तेही बहिरं, आपणही बहिरे. ज्याला आधी दिसेल त्याचं."

काझुमा पुढं निघाला. खरंच, पायांचा आवाज येत नव्हता. सगळीकडे फक्त पानांवरून पानांवर पडणारं पाणी, आणि टोपीच्या कडेवरून नाकासमोर टपकणारा थेंब. चार पावलं टाकायची, थांबायचं, डावीकडून उजवीकडे बघायचं, पुन्हा चार पावलं. मागं तोकुजी आहेत हे त्याला त्यांच्या श्वासावरून नाही, पाठीवरच्या एका उबदार जागेवरून कळत होतं. त्यांची नजर तिथं टेकली असावी. त्या जागेला उद्देशून तो मनात वाक्यं जुळवत होता. बाबा, एप्रिलमध्ये मी लग्न करतोय. हे आधी. मग तिचं नाव. मग, चिहारूला. इथं वाक्य मोडायचं. चिहारूला घेऊन जा म्हणायचं, की ठेवून घ्या म्हणायचं, की परत? 'परत' हा शब्द आला की त्याला दुकानात वस्तू परत करणारा माणूस दिसायचा. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बाबा, एप्रिलमध्ये. ओल्या सालींचा आंबूस वास येत होता. कुठं कुठं सुरूच्या कोवळ्या झाडांची साल माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर सोललेली दिसायची, आतलं लाकूड गाजरासारखं उघडं. हरणांचं काम. लावलेली झाडं अशीच मरतात, म्हणून सरकार मारा म्हणतं आणि म्हातारे मारतात.

उतार जिथं ओकच्या सदाहरित रानाला मिळतो तिथं पाऊस क्षणभर उणावला. आणि दहाबारा झाडांपलीकडे एक नर उभा होता. तरणा, पहिल्याच वर्षाची काटकुळी शिंगं. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. कुत्र्यासारखं त्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं आणि पाण्याचा एक धुरकट गोळा त्याच्याभोवती उडाला. काझुमानं बंदूक खांद्याला लावली. नंतर त्याला आठवलं ते असं: मनात वाक्य अजून चालूच होतं, 'चिहारूला' या शब्दापर्यंत आलेलं, आणि बोटानं त्याच्या आधीच निकाल लावून टाकला. पावसात आवाज घुमला नाही. फळी पडल्यासारखा सपाट आला. नर पाठीची कमान करून आखडला आणि उताराच्या खालच्या अंगाला नाहीसा झाला.

"गोळी मागं लागली," तोकुजी म्हणाले.

"हो."

"पाठ वाकवली बघितलंस? काळजात लागली की उडी मारतं. पोटात लागली की असं वाकतं. यकृतात असेल, नाहीतर त्याच्याही मागं." ते रागावले नव्हते. हे काझुमाला जास्त झोंबलं. "एरवी मी तासभर बसलो असतो. पाठीमागं कोणी नाही म्हटल्यावर ते कुठंतरी टेकतं आणि तिथंच संपतं. लगेच गेलो तर पोटात गोळी घेऊन पळत राहतं." त्यांनी वर पाहिलं. पाऊस पुन्हा धरला होता. "पण बसलो तर हा सगळं पुसून टाकणार. एक सिगारेट होईपर्यंत थांबू."

सिगारेट पेटली नाही. तीन काड्या विझल्या. ते ती तशीच ओठांत धरून ओकच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. काझुमाला वाटलं, हीच वेळ. वेळ नव्हती, पण शांतता होती, आणि आपण काहीतरी बिघडवलं आहे तर दुसरंही त्यातच बिघडवून टाकावं असा एक विचित्र धीर त्याला आला.

"बाबा, मला एक सांगायचंय."

"हरणाबद्दल आहे?"

"नाही."

"मग आत्ता नको." तोकुजींनी भिजलेली सिगारेट खिशात ठेवली. "ते तिकडं तू मारलेली गोळी घेऊन बसलंय. आधी ते. चल."

नर उभा होता तिथं चिखलात खुरांच्या रेघा आणि थोडे कापलेले केस. रक्त नाही. काझुमा वाकून जमीन बघत खाली उतरू लागला. पाचोळा सगळा एकाच रंगाचा, लालसर तपकिरी; त्यात रक्ताचा थेंब असता तरी पानच वाटला असता, आणि पानं तर प्रत्येक पावलाला रक्त वाटत होती. तो ओणवा होऊन एकेक पान उलटू लागला.

"जमिनीवर काय बघतोस? जमिनीवरचं गेलं." तोकुजी नेच्याच्या दाटीत शिरले होते. त्यांनी मांडीएवढ्या उंचीचं एक पान बोटांनी उलटं केलं. "पाऊस वरून पडतो. खालची बाजू त्याला सापडत नाही."

पानाच्या पोटाला काळपट तांबडा फराटा होता. हरणाची कूस घासून गेली तिथं. पुढच्या पानालाही, मग तीन पानं सोडून आणखी एक. यकृताचं रक्त, ते म्हणाले. वास घेऊन म्हणाले, आतडं नाही, नशीब. मग दोघं नेच्यांची पानं उलटी करत दरी उतरू लागले. तोकुजी एका बाजूनं, काझुमा दुसऱ्या बाजूनं. कोणाला मिळालं की नुसतं "हं" म्हणायचं. बोटं बधिर झाली. पानाची वरची बाजू हिरवीगार, धुतलेली, निष्पाप. उलटली की तो फराटा. काझुमाला त्या हालचालीची सवय लागत गेली आणि सवय लागली तसं मन सुटलं आणि हॉस्पिटलच्या खोलीत गेलं. तिथं रोज सकाळी नर्स विचारायची, दुखणं किती, दहापैकी सांगा. चिहारू त्याच्यासमोर म्हणायची, "चार." दर सकाळी चार. त्याला बरं वाटायचं. चार म्हणजे निम्म्याहून कमी. तो कवळ्यांच्या साच्यांकडे परत जायचा, चार हा आकडा खिशात घेऊन. ती गेल्यावर, सामान आवरताना, रात्रपाळीच्या नर्सनं सहज सांगितलं की बाई फार सोसायच्या, रात्री आठ म्हणायच्या, कधी नऊ. सहज. तिला वाटलं असणार, नवऱ्याला ठाऊकच असेल. तो त्या वेळी चिहारूच्या चपला पिशवीत घालत होता. चपला घालून झाल्यावर त्यानं नर्सला वाकून धन्यवाद दिले. पुढं एकोणपन्नासाव्या दिवशी तो "बायको माझी आहे" म्हणून ओरडला तेव्हा खोलीतल्या कोणाला, त्याला स्वतःलाही, कळलं नव्हतं की तो तोकुजींवर ओरडत नव्हता. जिनं त्याला चार सांगितलं तिच्यावर ओरडत होता.

नेचे संपले. पुढं लावणीचं सुरूचं रान, खाली उघडी माती, अंधारलेली. उलटायला काही नाही. तोकुजी थांबले आणि थांबले म्हणजे खरंच थांबले. हात लोंबकळले, तोंड किंचित उघडं, दातांशिवाय गाल आत गेलेले. एकदम म्हातारे दिसले. "गेलं," ते म्हणाले. "इथून कुठंही जाईल."

"मी बघतो."

"अरे, दिवस फार राहिला नाही."

"मी बघतो, बाबा."

तो रान ओलांडत गेला, मग वळून परत, मग आणखी खालून. कुठंतरी पाय घसरला, गुडघा मुळावर आपटला, बंदूक चिखलात जाऊ नये म्हणून त्यानं ती छातीशी धरली आणि तसाच खाली बसून राहिला. आणि मग त्याला भीती वाटली. हरवलं याची नाही. ते रात्रभर जिवंत राहील याची. आपण खाली जाऊ, आंघोळ करू, कोरडे मोजे घालू, फुमिए भात वाढतील, आणि ते इथं कुठल्यातरी खडकाच्या आडोशाला मान खाली घालून उभं असेल. कोणी विचारणारं नाही किती म्हणून. तो उठला. पाणी साचलेल्या सगळ्या खळग्यांमध्ये पाणी नितळ होतं, तळाची पानं दिसत होती. खालच्या अंगाला, दोन बोटं फाकल्यासारख्या, खुराच्या एका खळग्यात मात्र ते गढूळ होतं, माती अजून गोल फिरत होती. त्यानं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. माती हळूहळू बसत होती. म्हणजे आत्ताच.

त्यानं हात वर केला. तोकुजी उतरून आले, खळग्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "ओढ्याकडे," ते कुजबुजले. "आग होते ना, पाण्याकडे जातं."

नर ओढ्यात उभा होता. पोटापर्यंत पाण्यात, एका मोठ्या काळ्या खडकाच्या खाली, मान झुकवून, जणू पाण्यात काही पडलंय ते शोधतोय. त्यानं डोकं उचलून त्यांच्याकडे पाहिलं आणि पळाला नाही. काझुमानं या वेळी मनात एकही शब्द येऊ दिला नाही. मानेच्या मुळाशी धरलं, श्वास सोडला, चाप ओढला. नर बसल्यासारखा खाली गेला आणि ओढ्यानं त्याला लगेच उचललं. तोकुजी सरळ पाण्यात शिरले, शिंग पकडलं, त्यांचा पाय सरकला. काझुमानं त्यांची कॉलर धरली, तिघंही एका वळणापर्यंत ओढले गेले आणि दगडांत अडकले. बाहेर आले तेव्हा दोघांचे दात वाजत होते. तोकुजींचे वाजण्याजोगे फक्त वरचेच होते, आणि त्याचं त्यांनाच हसू आलं. काझुमाही हसला. मग तोकुजींनी हरणासमोर हात जोडले, क्षणभरच, आणि सुरी काढली.

त्यांनी पोट उघडलं. वाफ निघाली. काझुमानं मागचे पाय फाकवून धरले होते. ऊब हातांना लागत होती आणि ती सुखाची वाटत होती, याची त्याला लाज वाटली नाही.

"हं," तोकुजी म्हणाले. "बोल आता."

आणि जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "मी लग्न करतोय. एप्रिलमध्ये."

सुरी थांबली नाही. "नाव काय तिचं?"

"इकुमी."

"स्वभावानं?"

"चांगली आहे. शांत आहे."

"बरं झालं." त्यांनी यकृत बाहेर काढून दगडावर ठेवलं, गोळीनं त्याचा एक कोपरा चिंधी केला होता. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. "हे सांगायला तू डिसेंबरपासून तोंड उघडतोस आणि मिटतोस? हे तर फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. दुसरं काय आहे?"

पाऊस खडकावर पडत होता. काझुमा म्हणाला, "चिहारू."

तोकुजींनी सुरी पाण्यात धुतली. मग पुन्हा धुतली. आणि बोलले तेव्हा आवाज तोच होता, पण डोंगरात असूनही ते खालच्या घरातल्यासारखे बोलले. "तेव्हा मी मागितली होती तुमच्याकडे."

"हो."

"चार लोकांत मागितली. तुम्ही म्हणालात, बायको माझी आहे."

"हो, बाबा."

"मग आता कोणाची आहे?"

काझुमाला वाटलं, इकुमी काही म्हणत नाही हे सांगावं. तिनं ठेवा म्हटलं हे सांगावं. ते अर्धं पाऊल सांगावं. पण अर्ध्या पावलाचं या माणसाला काय सांगायचं? "इकुमीची हरकत नाही," तो म्हणाला. "मलाच बघवत नाही. दोघींनाही त्या खोलीत अवघडल्यासारखं होईल." मग म्हणाला, "मी तेव्हा चुकीचं बोललो असं नाही म्हणणार. तेव्हा सोडवत नव्हती. आता... तुमच्याकडे आणू का?"

तोकुजी उठले. हरणाचे पुढचे पाय दोरीनं बांधले, दोरीचं एक टोक काझुमाकडे फेकलं, दुसरं आपल्या खांद्यावरून घेतलं आणि चालू लागले. ओढ्याच्या काठानं, मग जुन्या लाकूडतोड्यांच्या वाटेनं, हरीण मधे घसरत येत होतं, ओल्या मातीवर जवळजवळ आपण होऊन. काझुमाला म्हाताऱ्याची पाठ दिसत होती, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. नाही म्हणतील, त्याला वाटलं. त्यांना तो हक्क आहे. मग पुढं काय करायचं याचा विचार करायचा त्यानं प्रयत्न केला आणि तिथं काहीच नव्हतं, नुसता पाऊस. पावलं मोजल्यासारखी पडत होती. वाडीची पहिली छपरं दिसू लागली तिथं तोकुजींनी दोरी खाली टाकली आणि श्वास घ्यायला टेकले.

"त्या थडग्यात माझी आई आहे," ते समोर बघत म्हणाले.

"माहीत आहे."

"खाष्ट बाई. चिहारूचं तिच्याशी कधी पटलं नाही. तांदूळ कमी धुतले, दार जोरात लावलं. एकदा या पोरीनं आजीची छत्री मुद्दाम ओढ्यात सोडली होती. पावसाळ्याच्या ऐन तोंडावर. दोन दिवस जेवायला नाही दिलं म्हातारीनं तिला, मी चोरून देत होतो." त्यांनी खिशातला रुमाल काढला, कवळी बाहेर काढली, पावसात धरून धुतली आणि बसवली. मग तोंड दोनदा उघडून मिटून पाहिलं. "बघून घेतील दोघी. आपण कशाला मध्ये पडा?"

तोकुजींनी काझुमाला बोलू दिलं नाही. "पण दगड सरकवायला तू यायचंस," ते म्हणाले. "जड आहे तो. मी एकटा नाही सरकवणार. आणि नंतरही येत जा. डोंगर काय तिच्या माहेरचा नाही, सरकारचा आहे." दोरी पुन्हा खांद्यावर गेली. "उचल."

घराच्या दारात फुमिए टॉवेल घेऊन उभ्या होत्या. आंघोळीचं पाणी तापल्याचा धूर आडवा पसरला होता. त्यांनी अंगणातल्या हरणाकडे पाहिलं, मग दोघांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे. "मिळालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दोघंही वाहून गेलात."

"गेलोच होतो," तोकुजी उंबऱ्यावर बसले आणि बुटाची नाडी ओढू लागले. नाडी भिजून फुगली होती, गाठ सुटेना. त्या गाठीकडेच बघत, बायकोकडे न बघता, ते म्हणाले, "चिहारू घरी येतेय."

फुमिएच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "कधी?" त्यांनी विचारलं. लगेच, अगदी सहज, कोणतीही आई विचारते तसं. मागून अर्थ आला तो त्यांच्या चेहऱ्यावर काझुमाला येताना दिसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो उभाच होता, पाणी गळत, आणि त्याला कळलं की लग्नाचं काही सांगायची गरज नाही, त्यांनी ते कधीच ताडलं आहे.

"मार्चमध्ये आणतो, आई," तो म्हणाला. "थंडी ओसरली की."

"ट्रेननं आणणार?"

"नाही. गाडीनं."

फुमिएनं मान हलवली. टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली, आणि तो त्याच्या हातात दिला.

"सावकाश आणा हं," त्या म्हणाल्या. "घाटातल्या वळणांवर तिला मळमळतं."